मनगटापासून जमिनीपर्यंत

आमचे घरमालक माणसाचा चेहरा विसरत, मनगट विसरत नसत. कॅनॉटच्या बागेत एखादा गृहस्थ हसत पुढे येऊन "ओळखलं का काका?" म्हणायचा आणि काका कोऱ्या नजरेनं त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग नजर खाली उतरायची, त्याच्या हातावर येऊन थांबायची आणि काका एकदम खुलायचे. "अरे, तुम्ही ते लांब हातवाले! काठी जरा आखूड करायची राहिली तुमची. आलाच नाय परत!" तो गृहस्थ कुठल्या तरी खात्यातला मोठा साहेब असायचा. त्याची बायको शेजारी उभी असायची. काकांच्या लेखी तो लांब हातवाला, संपलं.

शर्टाच्या खिशात पेन नसायचं, स्टीलचा टेप असायचा. माणूस सरळ उभा करायचा, हात सैल सोडायला लावायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं, हे काकांचं नमस्काराइतकं सहज चालायचं. एका लग्नात जेवणाच्या रांगेत त्यांनी नवरदेवाच्या मामाला "जरा ताट ठेवा खाली" म्हणून सरळ उभं केलं होतं. मामांना वाटलं, मुलीकडची काही रीत असेल. ते गुमान उभे राहिले.

काकांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूम सांभाळण्यात गेली. तिथे आलेला एक जपानी इंजिनिअर मायदेशी जाताना आपली गोल्फची बॅग यांच्या गळ्यात मारून गेला. दुसरा कोणी असता तर ती माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. काकांनी बॅगेतली एकेक काठी मोजली आणि त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं त्या जपान्याच्या मापाचं आहे. जपानी काकांच्या खांद्याएवढा. "दुसऱ्याच्या चपला घालून मी का म्हणून चालू?" असं म्हणून त्यांनी काठ्या खोलल्या, दांडे बदलले, आणि तिथून जे लागलं ते लागलंच. निवृत्त झाल्यावर सिडकोतल्या घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि गावभरच्या गोल्फवाल्यांची मापं घ्यायला बसले. गावात गोल्फवाले ते किती, पण काकांना पुरत होते.

गोल्फ म्हणजे मोठ्या लोकांनी उन्हात हिंडायला काढलेलं निमित्त, एवढंच मला तोवर माहीत होतं. काकांनी मला शेडमध्ये बसवून समजावलं. पहिला फटका बॉल छोट्या खुंटीवर ठेवून मारतात, त्यात फारशी करामत नाही. पंचाईत त्याच्या पुढे आहे. बॉल जमिनीवर पडलेला, झेंडा अजून लांब, आणि आता खुंटी लावायची परवानगी नाही. तेव्हा जी लांब दांड्याची, फुगीर डोक्याची काठी बाहेर काढतात, ती फेअरवे वूड. नावात वूड, पण लाकूड त्यात औषधालाही नाही. काका फक्त ह्याच काठीचं माप घेत. बाकीच्या काठ्यांसाठी कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवत.

"बाकी काठ्यांना माणूस सांभाळून घेतो बेटा," ते म्हणत. "ही मापाची नसली तर माणसाला उघडं पाडते."

आता मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगते. मी लासूर स्टेशनची. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत नोकरी लागली आणि संभाजीनगरात खोली शोधायची वेळ आली. खोल्या पुष्कळ होत्या. पण आडनाव सांगितलं की घरमालकांना एकाएकी पुतण्या आठवायचा, आणि तो नेमका पुढच्या महिन्यात राहायला येणार असायचा. काहींना तर आडनावावरूनही अंदाज येईना, मग ते "म्हणजे तुमच्या घरी देव कोणते?" असं आडून विचारायचे. मी सरळ "आम्ही बौद्ध" म्हणायचे, की आलाच पुतण्या. या अशा पुतण्यांनी गाव भरलं असताना एका मैत्रिणीनं काकांचा पत्ता दिला. काकांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्या हातापाशी अडकली. "सरळ उभ्या राहा. बॅग ठेवा. हात सैल." मी गोंधळून उभी राहिले. टेप सरकला, जमिनीला टेकला. काका कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग आतल्या बाजूला वळून ओरडले, "अगं, वरची खोली दिली मी!"

नाव विचारलं नाही, गाव नाही, जात नाही, मांस-मच्छी खाते का तेही नाही. मी खोलीत सामान लावलं तरी मला उलगडा होईना. माझा स्वभाव मुळात चौकस, त्यात क्वालिटीची नोकरी. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की मला अन्न गोड लागत नाही. पण काका त्या विषयावर काही बोलत नसत आणि काकू हसून आत निघून जात.

शेडच्या मागे जाळी टांगलेली होती आणि जाळीपुढे मातीचे तीन वाफे. एक लासूरकडच्या काळ्या मातीचा, एक गंगापूरच्या उसाच्या रानातल्या भुसभुशीत मातीचा आणि एक फर्दापूरच्या डोंगराकडून पोत्यात भरून आणलेल्या मुरमाचा. शेजाऱ्यांना वाटायचं काका भाजी लावणार आहेत. त्यांनी वाट पाहून पाहून शेवटी विचारणं सोडलं. येईल त्या खेळाडूला काका तिन्ही वाफ्यांवर मारायला लावत. मोठ्या शहरांतल्या दुकानांत गालिच्यावर बॉल ठेवून माप घेतात, याचा त्यांना मनापासून राग होता.

"गालिचा खोटं बोलतो," ते म्हणत. "काठी बॉलच्या मागं पडली तरी घसरत जाते अन् बॉलला लागते. माणूस खूश. आपली जमीन माफ नाय करत. उन्हाळ्यात तर बिल्कुल नाय."

आल्या आल्या माप घ्यायचं नाही, हाही एक नियम. आधी त्या माणसाला बागेला चकरा मारायला पाठवायचं. घामाघूम होऊन आला की काठी द्यायची. ताज्या माणसाचं माप फसवं असतं, मैदानात ही काठी हातात येते तेव्हा माणूस दमलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मग काठीच्या तोंडावर पावडरचा पफ फिरवायचा, म्हणजे बॉल कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. ती पावडर काकूंची. "माझ्या तोंडाला कधी लागली नाय एवढी त्या काठ्यांच्या तोंडाला लागली," असं काकू ज्याला त्याला सांगत.

ह्या काठ्यांना नंबर असतात. तीन, पाच, सात. नंबर जितका लहान तितकं तोंड सरळ, बॉल लांब जातो, पण जमिनीवरून उचलणं तितकंच अवघड. पुरुषांना तीनच हवा असतो. सातचा म्हटलं की त्यांना कोणी बांगड्या भरायला सांगितल्यासारखं वाटतं. म्हणून काका काठीच्या तळाच्या नंबरावर काळी चिकटपट्टी मारूनच ती हातात देत. एकदा एक डॉक्टर आले. पुण्याहून तीन नंबर मापून आणलेला, त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलेलं. बॉल मात्र सशासारखा जमिनीवरून पळायचा. काकांनी त्यांना छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर नेलं आणि पट्टी लावलेल्या काठ्या एकामागून एक दिल्या. एका काठीनं बॉल असा वर गेला की डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले. "हीच! हीच पाहिजे!" मग त्यांनी उत्साहानं पट्टी सोलली आणि खाली सात पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"ही तर लेडीज घेतात."

"डॉक्टरसाहेब, बॉलला कळत नाय कोण मारतंय ते."

डॉक्टर रागावून गेले. पुढे महिनाभरानं काकांसोबत गेले तेव्हा मी त्यांना मैदानावर पाहिलं. काठी तीच होती, तळाला नवी काळी पट्टी होती, आणि डॉक्टर मजेत होते.

काकांचा सगळ्यात मोठा वाद एका म्हणीशी होता. कोणी खेळणाऱ्याला हसून "नाचता येईना अंगण वाकडं" म्हटलं की काका चवताळत. "आधी अंगण बघितलं का? गुण्या लावून बघितलं? निम्म्या वेळा अंगणच वाकडं असतं, अन् नाचणारी बिचारी जन्मभर स्वतःच्या पायांना शिव्या देते!" मला हे फार पटायचं. का पटायचं ते वेगळं सांगायला नको.

दर रविवारी सकाळी खालून हाक यायची, "बेटा, जरा या." मी खाली जायचे. काका एक विशिष्ट काठी आणायचे. ती खिळ्यावर मऊ फडक्यात गुंडाळून टांगलेली असे आणि गिऱ्हाइकांनी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. मी वाफ्यावर उभी राहायचे, मारायचे. सुरुवातीला मला वाटलं, काका मला गोल्फ शिकवतायत. पण शिकवणारा माणूस निदान चूक तरी सांगतो. माझा बॉल जाळीत गेला काय आणि तुळशीच्या कुंडीत गेला काय, काकांना त्याचं सोयरसुतक नसे. ते माझ्या खांद्याकडे, कोपराकडे, काठी जमिनीला कशी टेकते त्याकडे बघत आणि "हं" म्हणत. पुढच्या रविवारी त्याच काठीचा दांडा किंचित बदललेला असे, मूठ बारीक झालेली असे, किंवा डोक्याला शिशाची पट्टी चिकटलेली असे. एकदा मी विचारलं, "काका, ही माझी आहे का?" ते म्हणाले, "उन्हं वाढली, जा आता वर."

एका संध्याकाळी मी विरजण मागायला खाली गेले. काका बाहेर गेले होते. काकू भाकरी करत होत्या. मी ओट्याला टेकून विचारलं, "काकू, खरं सांगा, काकांनी माझं माप का घेतलं होतं?"

काकूंनी भाकरी उलटली. "तुझं कुठं घेतलं? माझं घेतलं. तुझ्या अंगावर."

मला कळेना.

"टेलर नाय का मापाला जुनं झंपर मागत? तसं तू माझं जुनं झंपर हायेस पोरी. तुझी उंची तीच, हात तेवढाच लांब. तुला बघितलं अन् त्यांना पाहिजे व्हतं ते घावलं."

मग भाकऱ्या होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. जपान्याच्या बॅगेतल्या काठ्या काकांनी दुरुस्त केल्या तेव्हा मारून बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काकूंना मैदानावर नेलं. साडीवर बूट घालून त्या गेल्या आणि पहिल्याच महिन्यात काकांच्या पुढे निघून गेल्या. माप काकांना कळायचं, खेळ काकूंना कळायचा. जमिनीवरून मारलेला त्यांचा लांब फटका बघायला लोक आपला खेळ थांबवत. मग छातीत गाठ निघाली, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. औषधपाणी झालं, गाठ गेली, पण काकू परत मैदानावर गेल्या नाहीत.

"तुम्हाला जावंसं वाटतं?"

काकूंनी तव्यावरची नजर काढली नाही. "वाटतं म्हणजे? सकाळी शेडमधून तो टक्कन आवाज येतो ना, तेव्हा माझ्या हातातलं काम थांबतं. झाडू असो नाय तर लाटणं. लई वाटतं गं."

"मग सांगा ना काकांना."

"काय सांगू? त्यांना वाटतंय काठीत खोट हाये. नीट काठी झाली की ही परत उभी राहील, आधीवाणी. दवाखान्यातून आल्यापासून दिवसभर विचारतात. चहा घेती का, गोळी घेतली का, पंखा लावू का. हात कुठवर जातो, ते नाय विचारलं. त्या बाजूला बघतच नाय तो माणूस."

मी विरजणाची वाटी घेऊन वर आले. आता खरं म्हणजे मला वाईट वाटायला हवं होतं. मला खोली माझ्याकडे बघून मिळालीच नव्हती, दुसऱ्या कोणासाठी मिळाली होती. पण मी गॅलरीत उभी राहून हसत सुटले. आजवर माझ्यात लोकांनी जे जे मोजलं होतं, त्यापेक्षा मनगट कितीतरी बरं. मात्र काकूंचं ते "लई वाटतं गं" डोक्यातून जाईना. काकांना जाऊन सांगावं असं दोनदा मनात आलं. पण ते सांगणं माझं नव्हतं.

खंडेनवमीला काकांनी शेड धुऊन काढली. व्हाइसला, ड्रिलला, कानशींना झेंडूची फुलं वाहिली. खिळ्यावरची ती काठी फडक्यातून काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि काकूंना हाक मारली. मलाही वरून बोलावलं. काकूंच्या पुढ्यात काठी धरून उभे राहिले. मूठ पुढे करून म्हणाले, "वजन बघ."

काकूंनी पदर खोचला. काठी हातात घेऊन तोलली. "झ्याक झालीय," म्हणाल्या. काकांनी काळ्या मातीच्या वाफ्यावर बॉल ठेवला. काकू नुसत्या उभ्या राहिल्या आणि मला कळलं की मी इतके महिने तिथे किती वेडीवाकडी उभी राहत होते. काठी मागे गेली. अर्ध्यातच अडली. काकूंनी तिथूनच ती खाली आणली, काठी बॉलच्या मागे मातीत रुतली आणि ढेकूळ उडालं. बॉल जागचा हलला नाही.

"माती ओली हाये," काका म्हणाले. "मुरमावर बघ."

मुरमावर ठणकन आवाज झाला आणि काकूंनी ओठ आवळले.

"मूठ बारीक झाली का? नाय, दांडाच कडक झालाय. थांब, मी शिशाची पट्टी काढतो, मग..." काकांनी काठी त्यांच्या हातातून घेतली.

"अहो."

"दोन मिनिटं दे. तोल पुढं गेलाय..."

"अहो, ठेवा ती काठी खाली."

काकांनी काठी व्हाइसला टेकवून ठेवली.

"इकडं या. माझा हात धरा. हा नाय. डावा."

काका जागचे हलेनात. काकू म्हणाल्या, "धरा की. लोकांचे हात धरताना तर लाजत नाय तुम्ही."

काका पुढे आले. त्यांनी एक हात काकूंच्या मनगटाखाली धरला, दुसरा कोपराखाली. काचेचं भांडं उचलावं तसा.

"आता वर न्या. मी बस म्हणेस्तोवर."

हात वर जाऊ लागला. "दुखतंय?" काकांनी विचारलं. "न्या तुम्ही," काकू म्हणाल्या. छातीपर्यंत आला. आणखी थोडा वर गेला. खांद्याच्या जरा अलीकडे काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बस."

काका थांबले. "इथवरच?"

"इथवरच. सकाळी जरा कमी, दुपारून जरा जास्त."

"मला बोलली नाय कधी."

"तुम्ही त्या पोरीचं बघत व्हता की. तिचा जातोय डोक्याच्या वर."

मी तिथे असायला नको होते, पण पाय निघेना. काकांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुसणार कशानं, दोन्ही हात गुंतलेले. ते तसेच उभे राहिले, नाकाचा शेंडा लाल झालेला, आणि काकूंचा हात त्यांनी रेसभरही हलू दिला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "खाली घेऊ का?"

"राहू द्या जरा," काकू म्हणाल्या. "तुम्ही धरला तर ताण कमी लागतोय."

त्यानंतर काकांनी मला रविवारी हाक मारली नाही. शेडमध्ये आता काकू उभ्या असत. काका मोजत कमी आणि विचारत जास्त. "इथं ओढ लागते?" "हलकी करू?" "आज कसं हाये?" वर माझ्या खोलीत ऐकू यायचं. आधीच्या काठीचा दांडा त्यांनी करवतीनं कापून टाकला. त्यावर घालवलेले सगळे रविवार त्याबरोबर गेले, पण त्यांनी हळहळ केल्याचं मी पाहिलं नाही. नवी काठी नऊ नंबरची झाली, हलकी आणि इतकी आखूड की मला आधी वाटलं अर्धवटच राहिलीय.

थंडीत मैदानावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा आम्ही तिघं छावणीत गेलो. काकूंनी साडीवर बूट घातले होते. पहिला फटका त्यांनी जेमतेम ढकलला. मग त्या बॉलपाशी गेल्या आणि नवी काठी मागितली. तिथे गवत नव्हतंच, नुसती टणक जमीन. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. काकूंनी हात मागे नेला, जिथवर जायचा तिथवरच, आणि खाली आणला. टक्क आवाज झाला. बॉल उठला, बाभळीच्या वर गेला आणि झेंड्याच्या पुष्कळच अलीकडे पडला. पूर्वी इथून मारलेला त्यांचा बॉल थेट झेंड्यापाशी जायचा म्हणे.

काकूंनी बॉल थांबेपर्यंत पाहिलं. त्यांच्या तोंडावरून काही कळेना.

काकांना राहवेना. "काठीचं तोंड अजून जरा सरळ केलं तर..."

"गप बसा हो," काकू म्हणाल्या. "अजून लांब हाये झेंडा."

आणि काठी तशीच हातात घेऊन त्या बॉलच्या दिशेनं भराभरा चालायला लागल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. काकांनी घाईघाईनं बॅग खांद्याला अडकवली आणि त्यांना गाठायला जवळजवळ पळत सुटले.